घरी आर्केड मशीन बनवतोय: आधी काय घ्यायचं, शेवटी काय?

निवांत_चिंचवड (शनिवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

शाळेच्या मागच्या गल्लीत गेम पार्लर होतं. एक रुपयाचं टोकन आणि मुस्तफा. (त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, कॅपकॉम कंपनी, १९९३. हे मला तिशीत कळलं. तोवर गेमचंच नाव मुस्तफा.) तसलं उभं मशीन आपल्या घरात असावं हे तेव्हापासून डोक्यात आहे. आता हॉलचा एक कोपरा मंजूर झालाय आणि तीस हजार रुपयेही मंजूर झालेत. दोन्ही मंजुऱ्या परत मिळायच्या नाहीत.

काय काय लागतं त्याची यादी केली आहे. गाडी अडलीय ती क्रमावर. महिन्याला पाच-सहा हजारच बाजूला पडतात, त्यामुळे सगळं एकदम येणार नाही. सध्याचा बेत असा: आधी दोघांसाठी बटणं-जॉयस्टिकचा संच, कारण सेल चालू आहे. मग डोक्यावरची दिव्याची मार्की आणि बाजूंचे स्टिकर, कारण डिझाइन करून तयार आहे. मग रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक). मग प्लायवूड आणि सुतार. मॉनिटर शेवटी, तोवर तो स्वस्त होईल.

यात काही चुकतंय का?

एडिसन_एनजे (रविवार, पहाटे ४.१५)

निवांतराव, सेल बघून काही घेऊ नका. मी नेमकं तेच केलं होतं.

इथे अमेरिकेत या छंदाचं सगळं आयतं मिळतं. कापून आलेल्या फळ्यांचं किट, कडेच्या खाचेत ठोकायची टी-पट्टी फुटावर, नाणी टाकायचं दारसुद्धा. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये तीन दिवसांत सगळं मागवून मोकळा झालो. बायकोने खोकी मोजली, सतरा भरली. मग मुलगा झाला आणि खोकी गॅरेजमध्ये गेली. चौदा महिन्यांनी उघडली तेव्हा एक एन्कोडर बोर्ड (बटणं संगणकाला जोडणारा) मेलेला, जॉयस्टिकचा डावीकडचा स्विच दबलेलाच. परत करायची मुदत तीस दिवस होती. कोणाला सांगता?

त्याहून वाईट म्हणजे किट होतं १९ इंची चौकोनी मॉनिटरचं आणि सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून मी घेतला २४ इंची रुंद. अर्ध्या इंचाने आत जाईना. शेवटी मॉनिटरची प्लॅस्टिकची चौकट उचकटून नागडा पॅनेल बसवला.

तेव्हापासून माझा एकच नियम: ज्या आठवड्यात वस्तू जोडून बघणार, त्याच आठवड्यात ती घरात यावी. सेलमध्ये वाचलेले दोनशे रुपये ही बचत नसते, तुमची परतीची मुदत तुम्ही तेवढ्याला विकलेली असते.

लाकूडतोड्या (रविवार, सकाळी ८.०५)

मी पेशाने सुतार नाही, पण शनिवार-रविवार अंगावर भुसा असतोच. मला यादी बघूनच घाम फुटला. मॉनिटर शेवटी? अहो, पेटी मॉनिटरभोवती बांधतात. पेटी बांधून मग मॉनिटर शोधणं म्हणजे आधी म्यान करून मग तलवार शोधणं.

आकडे बघा. १९ इंची चौकोनी मॉनिटरची दिसणारी काच साधारण ३७६ × ३०१ मिमी. जुने गेम ४:३ चे (रुंदी चार, तर उंची तीन), म्हणजे त्यावर चित्र ३७६ × २८२ चं पडेल. २४ इंची रुंद मॉनिटरची काच ५३१ × २९९, पण ४:३ चं चित्र त्यात मधोमध ३९९ × २९९ एवढंच. चित्र मोठं झालं फार तर दीड बोट. आणि मॉनिटरची बाहेरची रुंदी गेली ४१ सेंटीमीटरवरून ५४ वर. एवढ्यासाठी पेटी अर्धी वीत जास्त रुंद करायची का, हे आधी ठरवा. कापणीचा कागद मॉनिटर टेबलावर आल्याशिवाय काढूच नका.

जुना मॉनिटर घेणार असाल (आणि तोच घ्या) तर तो स्क्रूने बसवायची मागची चार भोकं बघा. १०० मिमी किंवा ७५ मिमीचा चौरस हवा. काही मॉडेलना भोकंच नसतात, मग पट्ट्या मारत बसावं लागतं.

बिट_बाइट (रविवार, सकाळी ९.३०)

रास्पबेरी पाय कशाला? ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी घ्या. मेम (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) १९९७ साली आलं तेव्हा लोक ते पेंटियमवर चालवायचे. मुस्तफा, स्नो ब्रोज, किंग ऑफ फायटर्स यांना कुठलाही जुना आय-थ्री प्रोसेसर रगड झाला.

पुणेरी_ऊन (रविवार, सकाळी ९.५०)

पाय ४ ला तीन अँपियरचा चार्जर, विषय संपला. मिनी पीसी वीज खातो, पंखा वाजतो.

बिट_बाइट (रविवार, सकाळी १०.०२)

पार्लरमध्ये पंखा वाजलेला ऐकू येतो का?

(इथे पाय विरुद्ध पीसी अशा एकवीस प्रतिसादांची हाणामारी झाली, ती वेगळ्या धाग्यावर हलवली आहे. रोम (गेमच्या फाइली) कुठे मिळतील हेही इथे विचारू नये. मेम खुलं आहे, गेम खुले नाहीत. – संपादक)

टोकन_एक_रुपया (रविवार, दुपारी १.२०)

भावा, आमच्या पप्पांचं पार्लर होतं इचलकरंजीत, ९४ ते २००३. सात मशीन. शाळा सुटली की मी गल्ल्यावर. गॅस लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीत मारून फुकट क्रेडिट घेणारी पोरं पकडायची, ही माझी ड्यूटी. एकदा एका दिवसात नऊ लायटर जप्त केले होते. आजी ते गॅसच्या शेगडीला वापरायची.

एक गोष्ट आतल्या माणसाची म्हणून सांगतो. त्या पेट्या कुठल्या कंपनीच्या नव्हत्या. गावातल्याच सुताराने केलेल्या, आत २१ इंची टीव्हीची ट्यूब. पेटी तीच, ट्यूब तीच, बदलायचा तो फक्त बोर्ड. १९८५ पासून जपान्यांनी ५६ पिनांचा जॅमा जोड ठरवून टाकला होता. मुस्तफाचा गल्ला कमी झाला की पप्पा बोर्ड उपसायचे, दुसरा खुपसायचे, दहा मिनिटांत नवीन गेम.

तुझा पाय काय नि पीसी काय, तो म्हणजे बोर्ड. आज घाल, परवा बदल. त्याच्यावर पेटीचं कुठलंच माप अवलंबून नाही. सध्या घरातला जुना लॅपटॉप लाव.

आता क्रम. मॉनिटर आधी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. माझ्या मते पहिली खरेदी बटणं आणि जॉयस्टिक, पण एकाच माणसाची. टीव्हीच्या किंवा मिक्सरच्या खोक्याला कात्रीने भोकं पाड, त्यात बसव, यूएसबी घरच्या टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपला लाव, नि खेळ. त्याच रात्री.

निवांत_चिंचवड (रविवार, दुपारी २.१०)

म्हणजे माझं पहिलं पाऊल बरोबरच होतं ना? :)

टोकन_एक_रुपया (रविवार, दुपारी २.१४)

पाऊल बरोबर, कारण चूक. तू सेल आहे म्हणून घेणार होतास, नि मग सहा महिने कपाटात ठेवणार होतास. आज घेतलंस तर आज खेळायला पाहिजे. पंधरा दिवस खोक्यावर खेळून कंटाळा आला तर सतराशे रुपयांत सुटलास. नाही आला तर पुढचं घे.

लाकूडतोड्या (रविवार, दुपारी ३.३०)

खोक्याची कल्पना मान्य. पण फळीला भोक पाडायच्या आधी बटण हातात हवं हेही तितकंच खरं, आणि का ते सांगतो.

बटणं दोन जातीची. एक खटकन बसणारी, ती पातळ पत्र्यासाठी किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी असतात. दुसरी आटे आणि नटवाली. खटकन बसणारं बटण १८ मिमीच्या प्लायमध्ये बसतच नाही, कारण त्याचे कान फळीच्या पलीकडे पोचत नाहीत. जॉयस्टिकचंही तेच. १८ मिमीच्या खाली लावली तर वर दांडा एवढासा राहतो की चिमटीत धरावा लागेल. मग खालून फळी कोरा, नाहीतर पॅनेलच पत्र्याचं करा. जपानी पेट्यांचं पॅनेल पत्र्याचं असतं ते उगाच नाही.

भोकांचा व्यासही बटण बघून. जपानी धाटणीचं ३० मिमी, अमेरिकन धाटणीचं साधारण २८. दोन मिमीने काय होतंय म्हणून ३० चं भोक पाडलंत तर बटण गरगर फिरेल.

मांडवीकाठ (रविवार, संध्याकाळी ७.४५)

गोव्यातून. एक विनंती, कोणी स्वस्त पडतं म्हणून एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) सुचवू नका. माझ्या पहिल्या मशीनचे पाय एमडीएफचे होते. जूनमध्ये बाल्कनीच्या दारातून पाण्याची एक सर आत आली, मी रात्री पुसलंही. ऑगस्टमध्ये खालची कड पुरीसारखी टम्म. स्क्रू हाताने ओढला तर निघाला. आता प्लायच, तळाला रबराचे गट्टू, भिंतीपासून चार बोटं लांब. चिंचवडला आमच्याइतका दमट पावसाळा नसेल, पण फरशी पुसायचं फडकं तर रोजच फिरतं ना?

खवचट_काकू (रविवार, रात्री ९.००)

सगळं वाचलं. मॉनिटर मोजला, बटण मोजलं, फळीची जाडी मोजली. दार कोणी मोजलं?

आमच्या शेजाऱ्यांनी कपाट करून आणलं, सहा फूट तीन इंच. लिफ्टमध्ये उभं मावेना, जिन्याच्या वळणावर आडवं वळेना. चौथ्या मजल्यावर दोरीने बाहेरून चढवलं आणि खिडकीचं ग्रिल कापलं. कपाट नऊ हजारांचं, ग्रिल पुन्हा लावायला किती गेले ते अजून त्यांनी बायकोला सांगितलेलं नाही.

तेव्हा क्रमांक शून्य: मोजपट्टी, शंभर रुपये. आणि यादीत वायर, क्लिपा, बिजागऱ्या, चाकं, टेम्पो, सुताराचा चहा यांचे पैसे कुठे आहेत? मला तर सगळ्या मिरवायच्या वस्तूच दिसल्या.

निवांत_चिंचवड (रविवार, रात्री ९.२५)

काकू, आत्ता मोजलं. मुख्य दार मोकळं ८४ सेंमी, हॉलचं वळण ठीक. लिफ्टचं दार ७० सेंमी आणि आतली उंची सव्वासहा फूट. वायर-क्लिपांचे पैसे... नव्हते यादीत. खजील आहे.

खवचट_काकू (रविवार, रात्री ९.२७)

खजील होऊ नका, दोन भागांत करा. पाय वेगळे, डोकं वेगळं, मध्ये बोल्ट.

निवांत_चिंचवड (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ११.५०)

ताजा कलम. एकाच खेळाडूचा संच घेतला, १,७०० रुपये. एअर फ्रायरचं खोकं वापरलं. पहिल्या रात्री मुलगी आणि मी आळीपाळीने मुस्तफा, दुसऱ्या पातळीपर्यंत.

काय काय कळलं ते सांगतो, बऱ्याच गोष्टी कागदावर कधीच कळल्या नसत्या.

एक बटण दाबलं की दोनदा लागत होतं. आलं त्या दिवशीच कळलं म्हणून सातव्या दिवशी बदलून मिळालं. एडिसनराव, तुमची आठवण काढली.

मारलेला ठोसा उशिरा पडतो असं वाटत होतं. दोन दिवस एन्कोडरला शिव्या घातल्या. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला आणि उशीर गेला. दोष टीव्हीचा होता.

बटणांची मांडणी मी इंटरनेटवरच्या नकाशावरून छापून घेतली होती. प्रत्यक्षात माझा तळवा नकाशापेक्षा मोठा आणि मुलीचा लहान. खोक्यावर भोकं बुजवून नवी पाडायला काय लागतं? चिकटपट्टी. आत्ता चौथी मांडणी चालू आहे, पहिल्या ओळीतलं डावं बटण एक सेंमी खाली आलंय.

बटणं किती लागतात तेही गेम मांडल्यावर कळलं. मुस्तफाला दोन, मेटल स्लगला तीन, किंग ऑफ फायटर्स ९७ ला चार, स्ट्रीट फायटर २ ला सहा. पॅकमॅनला तर एकही नाही, पण त्याला चार दिशांची स्टिक हवी. आठ दिशांच्या स्टिकवर वळणावर बोट जरा तिरकं गेलं की भूत खातं. खाली निर्बंधाची पट्टी फिरवून चार दिशांची करता येते अशा स्टिक मिळतात, दुसऱ्या खेळाडूसाठी तसलीच घेणार आहे. आमच्या घरात स्ट्रीट फायटर माझ्याशिवाय कोणी खेळणार नाही, तरी सहाच ठेवतोय. तेवढा हट्ट.

टोकन_एक_रुपया (शनिवार, सकाळी ७.३०)

नाद खुळा. दुसरा संच घेताना एक बघ. तसलाच स्वस्त एन्कोडर परत घेतलास तर दोन्ही बोर्ड संगणकाला जुळे भाऊ दिसतात. मशीन बंद करून चालू केलं की कधी कधी पहिला खेळाडू दुसरा होतो, दुसरा पहिला. घरात मारामाऱ्या होतात. एक तर कुठला बोर्ड कुठल्या पोर्टला हे सॉफ्टवेअरमध्ये बांधून ठेव, नाहीतर दोन्ही खेळाडूंना एकच मोठा एन्कोडर घे.

लाकूडतोड्या (शनिवार, सकाळी ८.१०)

आता तरी मॉनिटर?

निवांत_चिंचवड (शनिवार, सकाळी ८.३२)

उद्या बुधवार पेठेत जातोय. तिथल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत बघतो, तिथे नाहीच मिळाला तर जुन्या संगणकांच्या दुकानात.

एडिसन_एनजे (शनिवार, सकाळी ९.००)

दुकानात मॉनिटर चालू करून हातात घेऊन आडवा-उभा फिरवून बघा. जुने ऑफिसचे मॉनिटर बहुतेक टीएन पॅनेलचे असतात. त्यांचा वाईट कोन वर-खालचा. पेटीत तो मॉनिटर तिरका निजणार, आणि आमच्या पोरासारखी उंचीला कमी मंडळी खालून बघणार. पॅकमॅन-गॅलागा या उभ्या चित्राच्या गेमसाठी उभा लावलात तर तोच वाईट कोन डावी-उजवीकडे येतो. शेजारी उभ्या दुसऱ्या खेळाडूला पिवळं पांढरं दिसतं आणि काळं राखाडी. समोर उभं राहून सगळेच मॉनिटर चांगले दिसतात.

निवांत_चिंचवड (रविवार, संध्याकाळी ६.२०)

आणला. १९ इंची चौकोनी, आयपीएस (तिरकं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल), २,४०० रुपये. तीन मॉनिटर फिरवून झाल्यावर दुकानदार म्हणाला, “साहेब, मॉनिटर घेताय की पतंग?” पहिल्या दोन्हींत खालून बघितल्यावर माणसं निगेटिव्हसारखी दिसत होती. एडिसनराव, तुमचे हे दोन प्रतिसाद वाचले नसते तर मला पाच हजारांना पडलं असतं.

मागची भोकं १०० मिमी. गेम आडवेच ठेवणार. पॅकमॅन मधोमध उभ्या पट्टीत छोटा दिसतो, सुमारे २२५ मिमी रुंद. चालेल.

मांडवीकाठ (रविवार, रात्री ८.००)

हाच मॉनिटर खोक्यामागे पुस्तकांना टेकवून ठेवा आणि पंधरा दिवस उभं राहून खेळा. पॅनेलची उंची तिथेच ठरेल. मी ठरवली होती बसून, नि आता वाकून खेळतो.

निवांत_चिंचवड (दोन महिन्यांनी, रविवार, रात्री १०.३०)

थोडक्यात प्रगती. इस्त्रीच्या टेबलावर खोकं आणि मॉनिटर अशी मांडणी महिनाभर होती. इस्त्रीचं टेबल उंचीला खालीवर होतं याचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. माझ्यासाठी ९८ सेंमी बरं, मुलीसाठी ८८. शेवटी ९२ वर तह झाला, तिच्यासाठी पाट.

पॅनेल प्लायचं करायचंच नाही असं ठरवलं. आमच्या इथे हाताशी भोसरी एमआयडीसी असताना लाकूड कशाला कोरायचं? एका लेझर कटिंगवाल्याकडे खोक्याचाच पुठ्ठा घेऊन गेलो. तो हसला, पण त्याच्या माणसाने मापं घेऊन चित्र काढून दिलं. २ मिमीचा पत्रा, ३० मिमीची भोकं, कडा वाकवून, ९०० रुपये. बटणं खटकन बसली. खरोखर ‘खट्’ असा आवाज येतो, आणि मग ते सोळाही वेळा ऐकावंसं वाटतं.

दुसऱ्या खेळाडूचा संच आला, १,६००. आल्या रात्रीच जोडून तपासला. टोकन म्हणाला तेच झालं, चालू-बंद केल्यावर मी माझ्या मुलीचा हिरो झालो. बोर्ड पोर्टला बांधून टाकले.

लॅपटॉप अजून चालतोय, त्यामुळे पाय की पीसी हा वाद माझ्यापुरता दोन महिने फुकट लांबला. या काळात ऑफिसमधल्या एकाने त्याचा मिनी पीसी काढला, ७,५०० ला घेतला. सेलमध्ये नवीन पाय घेतला असता तर हा हातचा गेला असता. बिट_बाइट, खूष?

बिट_बाइट (रविवार, रात्री १०.४१)

पंखा वाजतो का?

निवांत_चिंचवड (रविवार, रात्री १०.४३)

वाजतो.

लाकूडतोड्या (सोमवार, सकाळी ७.५५)

प्लाय आणायच्या आधी सुताराची तारीख घ्या, तारखेच्या आधी प्लाय नको. आठ बाय चारची शीट फ्लॅटमध्ये भिंतीला तिरकी टेकवून महिनाभर ठेवलीत तर वाक येतो, मग दार कधीच बसत नाही. आणि सुताराला फोटो दाखवू नका, मॉनिटर आणि पत्र्याचं पॅनेल त्याच्या पुढ्यात ठेवा. फोटोवरून तो अंदाज बांधेल, वस्तूवरून माप घेईल.

आवाजाचं सामानही पेटी उभी राहिल्यावर. स्पीकरची जागा आत गेल्याशिवाय कळत नाही. अ‍ॅम्प्लिफायर संगणकाच्याच वीजपुरवठ्यावर टाकलात तर बऱ्याचदा गुणगुण येते, त्याला वेगळा अ‍ॅडॅप्टर ठेवा.

खवचट_काकू (सोमवार, सकाळी ९.१०)

हवा यायला-जायला मागे भोकं ठेवायला सांगा. सुतार विचारणार नाही, तो कपाटच समजून सगळीकडून बंद करेल.

निवांत_चिंचवड (सहाव्या महिन्यात, शनिवार, रात्री ११.१५)

झालं! फोटो खाली टाकतोय.

सुताराचे चार दिवस लागले, रोजचे १,३०० प्रमाणे ५,२००. काकूंचं भाकीत खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर मागची बाजू एकसंध ठोकलेली. “धूळ जाणार नाही आता,” असं म्हणाला. होल-सॉ लावून आठ भोकं पाडून घेतली. दोन भागांत केल्यामुळे लिफ्टमधून आरामात आलं, वरचा भाग दोघांनी उचलला.

पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून हिशोब: दोन्ही संच ३,३००, मॉनिटर २,४००, मिनी पीसी ७,५००, पत्रा ९००, प्लाय ७,२००, सनमायका १,५००, सुतार ५,२००, टेम्पो ८००, आवाज १,१००. आणि काकूंचं खातं, म्हणजे वायर, क्लिपा, बिजागऱ्या, चाकं, बोल्ट, पॉवर स्ट्रिप, सँडपेपर, चहा, मिळून २,६००. एकूण ३२,५००. मंजुरीपेक्षा अडीच हजार जास्त. ते कुठून आले ते विचारू नका.

आणि बघा, मार्की नाही, स्टिकर नाहीत. मूळ यादीत ते दुसऱ्या नंबरवर होते. तेव्हा छापलं असतं तर आज एक इंचही जुळलं नसतं. ते डिझाइन होतं २४ इंची मॉनिटरच्या पेटीचं, पेटी झाली त्याहून बरीच अरुंद.

टोकन_एक_रुपया (शनिवार, रात्री ११.३२)

फोटो बघून पप्पांना दाखवला. म्हणाले, नाण्याचा डबा कुठाय, गल्ला कसा मोजणार?

एडिसन_एनजे (रविवार, पहाटे ३.५०)

अभिनंदन! पण वर ते पांढरं काय आहे?

निवांत_चिंचवड (रविवार, सकाळी ९.०५)

तीच मार्कीची जागा. बारा व्होल्टची एलईडी पट्टी आणि पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक बसवून घेतलंय, वर चित्र नाही. नावावर एकमत होत नाहीये. मला ‘मुस्तफा’ हवंय, मुलीला तिचं स्वतःचं नाव, बायको म्हणते नावच नको. रात्री दिवा लावला की नुसता पांढरा उजेड पडतो. काल शेजारचा छोटा आला, दार शोधत मागे गेला आणि विचारत होता, काका, तुम्ही फ्रीज हॉलमध्ये का ठेवलाय?

खवचट_काकू (रविवार, सकाळी ९.२०)

राहू द्या तसंच. पैसे साठेपर्यंत पाहुण्यांना सरबत विचारता येईल.